दाबनळीची ताकद दिशेवर का अवलंबून असते? अणुभट्टीतील झिर्कोनियमच्या सूक्ष्मरचनेविषयी

पालघर जिल्ह्यात तारापूर येथे ५४० मेगावॉट क्षमतेच्या दोन जड पाण्याच्या अणुभट्ट्या २००५ आणि २००६ पासून व्यावसायिक वीजनिर्मिती करीत आहेत. यांपैकी प्रत्येक भट्टीच्या गाभ्यात ३९२ आडव्या नळ्या बसवलेल्या आहेत. प्रत्येक नळीचा आतील व्यास सुमारे १०३ मिलिमीटर असून भिंतीची जाडी चार मिलिमीटरपेक्षा थोडीच जास्त आहे. या नळ्यांत युरेनियम इंधनाची बंडले एकापुढे एक ठेवलेली असतात आणि त्यांच्यामधून वातावरणाच्या सुमारे शंभरपट दाबाखालचे, ३०० अंश सेल्सियसच्या आसपास तापणारे जड पाणी सतत वाहत असते. जगातील बहुसंख्य भट्ट्यांमध्ये असा दाब पेलण्यासाठी वीसेक सेंटिमीटर जाडीचे अजस्र पोलादी पात्र वापरतात. जड पाण्याच्या भट्टीत तेच काम या पातळ नळ्या करतात आणि म्हणूनच त्यांना दाबनळ्या म्हणतात. त्या झिर्कोनियममध्ये अडीच टक्के निओबियम मिसळून केलेल्या मिश्रधातूच्या असतात.

एवढी पातळ नळी इतकी वर्षे कशी टिकते आणि कधी कधी का टिकत नाही, या प्रश्नाचे उत्तर धातूच्या रासायनिक घटकांच्या यादीत पूर्णपणे मिळत नाही. एकाच रासायनिक घडणीच्या दोन नळ्या वेगवेगळ्या रीतीने घडवल्या, तर त्या वेगवेगळ्या तऱ्हेने ताणल्या जातात, फुगतात आणि तडकतात. हा फरक सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या रचनेतून येतो. धातूचे स्फटिककण किती मोठे आहेत, त्यांचा आकार कसा आहे, त्यांचे अक्ष कुठल्या दिशेला वळलेले आहेत आणि कणांच्या सीमांवर काय साठले आहे, या सगळ्याला मिळून सूक्ष्मरचना म्हणतात. झिर्कोनियमच्या बाबतीत यांतील दिशेचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, असे माझे मत आहे आणि या लेखाचा भर त्याच्यावरच राहील.

मुळात झिर्कोनियमच का, हे आधी थोडक्यात पाहू. जड पाण्याच्या भट्ट्या नैसर्गिक युरेनियमवर चालतात. त्यात विखंडनक्षम युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के असते, त्यामुळे एकेक न्यूट्रॉन मोलाचा असतो. गाभ्यातल्या धातूने न्यूट्रॉन गिळू नयेत ही पहिली अट आहे. या बाबतीत लोखंडाचा अणू झिर्कोनियमच्या अणूपेक्षा सुमारे चौदापट खादाड असतो. मात्र निसर्गात झिर्कोनियमसोबत एक ते तीन टक्के हाफ्नियम हमखास असते आणि ते झिर्कोनियमपेक्षा पाचशेपटींहून अधिक न्यूट्रॉन शोषते. म्हणून अणुभट्टीसाठीचे झिर्कोनियम आधी हाफ्नियमपासून वेगळे करावे लागते. भारतात समुद्रकिनाऱ्यावरील वाळूतल्या झिर्कॉन खनिजापासून तयार नळीपर्यंतच्या या कामाचे मुख्य केंद्र हैदराबादचे न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्स आहे.

आता स्फटिकाकडे वळू. सुमारे ८६५ अंशांखाली झिर्कोनियमचे अणू षट्कोनी थरांत रचलेले असतात. या रचनेला अल्फा प्रावस्था म्हणतात. त्याहून अधिक तापमानाला रचना बदलून घनाकृती होते, ती बीटा प्रावस्था. तांबे किंवा ॲल्युमिनियम यांसारख्या घनाकृती धातूंमध्ये अणूंच्या थरांना एकमेकांवरून सरकण्यासाठी कितीतरी समतुल्य दिशा उपलब्ध असतात, म्हणून ते कुठूनही ओढले तरी जवळपास सारखेच वागतात. षट्कोनी स्फटिकाला मात्र एक वेगळा, उभा अक्ष असतो. त्याला स्फटिकशास्त्रात सी-अक्ष म्हणतात. झिर्कोनियममध्ये अणूंचे थर सहजपणे सरकतात ते सी-अक्षाला काटकोनात असलेल्या दिशांनी. अशा सरकण्याने स्फटिकाची सी-अक्षावरची लांबी मुळीच बदलत नाही. ती बदलायची असेल, तर एकतर फार मोठ्या ताणाखालीच चालू होणारे तिरकस सरकणे घडावे लागते किंवा स्फटिकाच्या एखाद्या भागाने उलटून आरशातल्या प्रतिमेसारखी रचना धारण करावी लागते. दोन्ही गोष्टी कठीण असल्यामुळे झिर्कोनियमचा स्फटिक सी-अक्षाच्या दिशेने बळकट आणि इतर दिशांनी तुलनेने मऊ असतो.

एका नळीत असे अब्जावधी कण असतात. त्यांचे सी-अक्ष चहूकडे विखुरलेले असते, तर या सर्वांची सरासरी होऊन नळी सर्व दिशांनी सारखीच झाली असती. तसे होत नाही, कारण धातूला दाबून, ताणून आणि लाटून आकार देताना कण वळत जातात आणि बहुसंख्य सी-अक्ष ठरावीक दिशांकडे झुकतात. या सामूहिक कलाला धातुतज्ज्ञ टेक्श्चर म्हणतात. बांबू उभा चटकन फुटतो, पण आडवा तोडायला कोयता लागतो. तशी दिशेनुसार बदलणारी वागणूक या नळीच्या अंगात तिच्या घडणीतूनच येते.

दाबनळी घडवताना मिश्रधातूचा पोकळ ठोकळा ८०० अंशांच्या आसपास तापवून प्रचंड दाबाने साच्याच्या छिद्रातून रेटतात. या प्रक्रियेला एक्स्ट्रूजन म्हणतात. त्या तापमानाला अल्फा आणि बीटा या दोन्ही प्रावस्था एकत्र नांदत असतात आणि दोन्ही लांबट ताणल्या जातात. त्यानंतर नळी थंड स्थितीत ओढून किंवा पिल्गरिंग यंत्रावर लाटून अंतिम मापाला आणतात. भारतीय कारखान्यात पिल्गरिंगची पद्धत रुळलेली आहे. शेवटी ४०० अंशांना दीर्घकाळ ठेवून नळीतला शिल्लक ताण कमी करतात. या सगळ्यातून जी नळी बाहेर पडते, तिच्यातले अल्फा कण नळीच्या लांबीच्या दिशेने पसरलेल्या चपट्या पट्ट्यांसारखे असतात. भिंतीच्या जाडीच्या दिशेने ते अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतात आणि त्यांच्यामध्ये निओबियमने समृद्ध अशा बीटा प्रावस्थेचे तलम पापुद्रे असतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बहुतेक कणांचे सी-अक्ष नळीच्या परिघाच्या दिशेने वळलेले असतात, काही भिंतीच्या जाडीच्या दिशेने असतात आणि लांबीच्या दिशेने जवळपास कोणीच नसते.

या मांडणीचा पहिला परिणाम लाभदायक आहे. आतून दाब असलेल्या कोणत्याही पातळ नळीत परिघाच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो. तारापूरच्या नळीची मापे घेऊन साधा हिशेब केला, तर परिघीय ताण सुमारे १२० मेगापास्कल येतो. नेमक्या याच दिशेने स्फटिकांची बळकट बाजू असल्यामुळे नळीचे परिघीय बळ तिच्या लांबीच्या दिशेच्या बळापेक्षा अधिक असते. जिथे ताण जास्त तिथे ताकदही जास्त, अशी ही सोय आहे. त्यात कणांच्या बारीकपणाची भर पडते. धातू वाकतो किंवा ताणला जातो तो स्फटिकातल्या डिसलोकेशन नावाच्या रेषारूप दोषांच्या हालचालींमुळे आणि कणांच्या सीमा या हालचालींना अडवतात. कण जितके बारीक, तितके अडथळे जवळजवळ आणि धातू तितका बळकट. थंड लाटणीमुळे डिसलोकेशनांचीच इतकी दाटी होते की ती एकमेकांची वाट अडवतात, त्यामुळे बळ आणखी वाढते.

हीच नळी भट्टीत गेली की न्यूट्रॉनांचा मारा सुरू होतो. वेगवान न्यूट्रॉन अणूवर आदळला की तो अणू आपल्या जागेवरून उडतो आणि वाटेतल्या इतरांनाही उडवतो. नळीच्या आयुष्यात तिच्यातला प्रत्येक अणू सरासरीने अनेकदा असा स्थानभ्रष्ट होतो. बहुतेक अणू लगेच कुठल्यातरी रिकाम्या जागी परत बसतात. जे उरतात ते एकत्र येऊन सुमारे दहा नॅनोमीटर व्यासाची वर्तुळाकार दोषवलये तयार करतात. ही वलये डिसलोकेशनांच्या वाटेत गतिरोधकांसारखी उभी राहतात. परिणामी सुरुवातीच्या थोड्याच काळात नळीचे बळ आणि काठिण्य झपाट्याने वाढते, तन्यता व भंगाला विरोध करणारा चिवटपणा घटतो आणि नंतर हा बदल बराचसा स्थिरावतो. बळ वाढले ही बातमी वरवर चांगली वाटते, पण अभियंत्याला तिची काळजी वाटते. किरणोत्सारित धातूत एखादे डिसलोकेशन जोर लावून पुढे गेले की वाटेतली वलये पुसून टाकते आणि मागून येणाऱ्यांना मोकळा मार्ग मिळतो. मग सगळी विकृती अशा थोड्या अरुंद मार्गांत एकवटते आणि धातू एकसारखा ताणला जाण्याऐवजी एखाद्या जागीच हार मानतो.

न्यूट्रॉनांचा दुसरा परिणाम अधिक विलक्षण आहे. कोणताही बाह्य ताण नसताना झिर्कोनियमचा स्फटिक या माऱ्याखाली सी-अक्षाच्या दिशेने आखडतो आणि काटकोनातील दिशांनी वाढतो. आकारमान मात्र तेवढेच राहते. याला किरणोत्सारजन्य वाढ म्हणतात. तिचे कारण असे की जागेवरून उडालेले अणू आणि मागे राहिलेल्या रिकाम्या जागा स्फटिकातल्या सारख्याच थरांवर जाऊन बसत नाहीत. दाबनळीत सी-अक्ष लांबीच्या दिशेने नसल्यामुळे नळी वर्षानुवर्षे लांबत जाते आणि तिच्या टोकांना त्यासाठी जागा ठेवावी लागते. याच्या जोडीला विसर्पण असते, म्हणजे सततच्या ताणाखाली अतिशय मंदपणे होणारा आकारबदल. त्याने नळीचा व्यास वाढतो आणि इंधनाच्या वजनाने ती मधोमध खाली झुकते. व्यास वाढला की पाण्याचा काही भाग इंधनाला टाळून वरच्या मोकळ्या जागेतून निघून जातो आणि इंधन पुरेसे थंड होत नाही. म्हणजे सी-अक्षांचा कल ही केवळ प्रयोगशाळेतली कुतूहलाची बाब उरत नाही, भट्टी पूर्ण क्षमतेने चालवता येईल का हेही त्यावर ठरते. परिघाच्या दिशेने सी-अक्ष जितके अधिक, तितका व्यास कमी वाढतो, पण लांबी जास्त वाढते. दोन्ही एकाच वेळी कमी करून देणारा कल कुणालाही सापडलेला नाही.

खरा पेच हायड्रोजनपाशी येतो. तप्त पाणी आणि झिर्कोनियम यांच्या अभिक्रियेत धातूवर ऑक्साइडचा थर चढतो आणि मोकळ्या झालेल्या हायड्रोजनचा काही अंश धातूत शिरतो. जड पाण्याच्या भट्टीत तो ड्यूटेरियमच्या, म्हणजे जड हायड्रोजनच्या रूपात असतो, पण त्याचे वागणे तेच. ३०० अंशांना झिर्कोनियम दहा लाख भागांत साठ-सत्तर भाग हायड्रोजन विरघळवून ठेवू शकते. भट्टी बंद होऊन थंड झाली की ही क्षमता जवळजवळ शून्यावर येते आणि जादा हायड्रोजन झिर्कोनियम हायड्राइडच्या चपट्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात बाहेर पडतो. हायड्राइड ठिसूळ असते आणि मूळ धातूपेक्षा सुमारे सतरा टक्के जास्त जागा व्यापते.

हायड्राइडचे पापुद्रे किती आहेत यापेक्षा ते कुठल्या दिशेला पसरलेले आहेत याला जास्त महत्त्व आहे. पापुद्रा नळीच्या भिंतीला समांतर असेल, तर परिघीय ताण त्याला उघडू शकत नाही आणि असा पापुद्रा तुलनेने निरुपद्रवी राहतो. तोच पापुद्रा भिंतीच्या आरपार, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने उभा असेल, तर परिघीय ताण त्याला थेट फाकवतो. आता अडचण अशी की हायड्राइडचे पापुद्रे साधारणपणे सी-अक्षाला काटकोनात असलेल्या थरांच्या जवळच्या प्रतलावर वाढतात. दाबनळीत बहुतेक सी-अक्ष परिघाच्या दिशेने असल्यामुळे हे थर नेमके भिंतीच्या आरपार उभे असतात. नव्या नळीत, ताण नसताना, कणांच्या चपट्या आकारामुळे हायड्राइड भिंतीला समांतरच बसतात. पण मोठ्या परिघीय ताणाखाली नळी तापून पुन्हा थंड झाली की ते दिशा बदलून उभे राहू शकतात आणि त्यासाठी लागणारे स्फटिक तिथे तयारच असतात. ज्या मांडणीने नळीला परिघीय बळ दिले, तीच मांडणी हायड्राइडला धोकादायक दिशा उपलब्ध करून देते.

तुलनेसाठी इंधनकाडीच्या पातळ आवरणाकडे पाहावे. ते झिर्कॅलॉयचे असते, म्हणजे झिर्कोनियममध्ये सुमारे दीड टक्का कथील आणि अल्प प्रमाणात लोह, क्रोमियम वगैरे. हे आवरण पिल्गरिंगने घडवताना व्यासापेक्षा भिंतीची जाडी जास्त प्रमाणात कमी करतात. त्यामुळे सी-अक्ष त्रिज्येच्या दिशेकडे झुकतात आणि हायड्राइड भिंतीला समांतर बसतात. यंत्रावरच्या दोन घटींचे गुणोत्तर बदलून तडा जाण्याची दिशा बदलता येते, हे सूक्ष्मरचना आणि यांत्रिक गुणधर्म यांच्या नात्याचे मला सर्वांत स्वच्छ वाटणारे उदाहरण आहे. दाबनळीला ही सोय घेता येत नाही, कारण तिची प्राथमिक घडण एक्स्ट्रूजनमध्येच ठरते आणि व्यास आवरणाच्या नळीपेक्षा कितीतरी मोठा असतो.

हायड्रोजनमुळे होणारी सर्वांत कुटिल क्रिया म्हणजे विलंबित हायड्राइड भंग. नळीच्या पृष्ठभागावर एखादा ओरखडा असेल, तर त्याच्या टोकाशी ताण एकवटतो. विरघळलेला हायड्रोजन जास्त ताणाच्या जागेकडे सरकतो, तिथे हायड्राइड साचते, पुरेसे वाढले की तडकते आणि तडा एक पाऊल पुढे जातो. नव्या टोकाशी हेच चक्र पुन्हा सुरू होते. किरणोत्सारित नळीत २५० अंशांच्या आसपास या तड्याची गती तासाला मिलिमीटरच्या काही दशांशांइतकी असू शकते. ही गती कमी करण्याचा एक उपाय बीटा प्रावस्थेच्या पापुद्र्यांत आहे. बीटामधून हायड्रोजन अल्फापेक्षा कितीतरी वेगाने सरकतो, त्यामुळे अखंड बीटा पापुद्रे हे त्याचे हमरस्ते ठरतात. ४०० अंशांच्या दीर्घ उष्णतासंस्काराने हे पापुद्रे तुटक होतात आणि हायड्रोजनचा प्रवास मंदावतो.

या सगळ्याचा अनुभव प्रथम कॅनडाने घेतला. १९७४ मध्ये पिकरिंग केंद्राच्या तिसऱ्या भट्टीत १७ नळ्यांना तडे आढळले. तिथे नळ्या निओबियमयुक्त मिश्रधातूच्याच होत्या, पण टोकांचे सांधे बसवताना रोलर प्रमाणाबाहेर आत गेल्यामुळे मोठा ताण शिल्लक राहिला होता आणि त्याने विलंबित भंगाला वाट करून दिली. १ ऑगस्ट १९८३ रोजी त्याच केंद्राच्या दुसऱ्या भट्टीत झिर्कॅलॉय-२ची एक दाबनळी कोणतीही पूर्वगळती न होता सुमारे दोन मीटर लांब फाटली. दाबनळी आणि तिच्या बाहेरची थंड कॅलँड्रिया नळी यांच्यामध्ये अंतर राखणाऱ्या गोल स्प्रिंगा जागेवरून सरकल्या होत्या, त्यामुळे झुकलेली तप्त नळी थंड नळीला टेकली होती. हायड्रोजन उष्ण भागाकडून थंड भागाकडे सरकतो, म्हणून टेकलेल्या जागी तो साचून हायड्राइडचे फोड आले आणि ते तडकले. भट्टी सुरक्षितपणे बंद करण्यात आली, पण झिर्कॅलॉय-२ काही वर्षांनंतर हायड्रोजन वाढत्या वेगाने शोषते हे यानंतर दुर्लक्षिता येण्याजोगे राहिले नाही.

भारतातील राजस्थान, कल्पाक्कम आणि नरोरा येथील सुरुवातीच्या भट्ट्यांतही झिर्कॅलॉय-२च्याच नळ्या होत्या. काक्रापारच्या दुसऱ्या भट्टीपासून निओबियमयुक्त मिश्रधातू आला, कारण तो अधिक बळकट आहे आणि फार कमी हायड्रोजन शोषतो. जुन्या भट्ट्यांतल्या नळ्या टप्प्याटप्प्याने बदलण्यात आल्या आणि २२० मेगावॉटच्या भट्टीत अशा ३०६ नळ्या असतात हे लक्षात घेतले की या कामाचा पसारा कळतो. तरीही मिश्रधातू बदलला म्हणजे सर्व प्रश्न मिटले असे झाले नाही. ११ मार्च २०१६ रोजी काक्रापारच्या पहिल्या भट्टीत बदललेल्या नव्या नळ्यांपैकीच एक गळली आणि तपासात नळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी गंज आढळला. दाबनळी आणि कॅलँड्रिया नळी यांच्यामधल्या पोकळीत वायू खेळवलेला असतो आणि बाहेरच्या पृष्ठभागाचा संबंध त्याच्याशीच येतो. सूक्ष्मरचना कितीही चांगली असली, तरी या वायूची शुद्धता तिच्या आवाक्यातली गोष्ट नाही.

चिवटपणाच्या बाबतीत एक सुधारणा मात्र अनपेक्षित ठिकाणाहून आली. काही जुन्या नळ्यांचा चिवटपणा फारच कमी का, याचा शोध घेताना कॅनडातील संशोधकांना तुटलेल्या पृष्ठभागावर लांबट भेगा दिसल्या आणि त्यांच्या मुळाशी क्लोरीन व कार्बन यांचे अतिसूक्ष्म संचय निघाले. झिर्कोनियम त्याच्या क्लोराइडपासून बनवले जात असल्यामुळे क्लोरीनचा अंश मागे राहत होता. धातूचा ठोकळा निर्वातात दोनदा वितळवण्याऐवजी चारदा वितळवला, की क्लोरीन दहा लाखांत अर्ध्या भागाच्याही खाली जाते आणि नळी स्पष्टपणे अधिक चिवट होते. रासायनिक विश्लेषणाच्या तक्त्यात जेमतेम दिसणारा हा फरक भट्टीच्या सुरक्षिततेत मोठा ठरतो.

तो कसा, हे सुरक्षिततेच्या एका निकषावरून समजते. नळीत तडा गेलाच, तर तो आधी भिंतीच्या आरपार जाऊन थोडे पाणी गळू द्यावे आणि नळी फाटण्यापूर्वी ती गळती लक्षात यावी, अशी अपेक्षा असते. दाबनळी व कॅलँड्रिया नळी यांच्यामधल्या पोकळीत कोरडा कार्बन डायऑक्साइड वायू खेळवतात आणि त्याची आर्द्रता सतत मोजतात. आर्द्रता वाढली की भट्टी बंद करतात. यासाठी किती वेळ मिळेल हे दोन गोष्टींवर ठरते. नळी किती लांबीचा तडा सहन करू शकते, हे चिवटपणा सांगतो. त्या लांबीपर्यंत तडा किती तासांत पोहोचेल, हे विलंबित भंगाची गती सांगते. पहिली गोष्ट क्लोरीनवर, दोषवलयांवर आणि हायड्राइडच्या दिशेवर अवलंबून आहे, तर दुसरी बीटाच्या पापुद्र्यांवर आणि सी-अक्षांच्या कलावर. म्हणून ठरावीक काळाने नळीच्या आतल्या पृष्ठभागावरून धातूचा बारीक कीस खरवडून त्यातला हायड्रोजन मोजतात आणि भट्टीतून काढलेल्या नळ्यांचे तुकडे मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या जाड भिंतींच्या बंदिस्त कक्षांत यांत्रिक हातांनी ताणून, तोडून तपासतात. या मापनांवरूनच भट्टी सुरू करताना आणि थंड करताना कोणत्या तापमानाला किती दाब चालेल, याच्या मर्यादा आखल्या जातात. हायड्राइड असलेली नळी थंड असताना सर्वांत ठिसूळ असते, त्यामुळे ती पुरेशी तापेपर्यंत पूर्ण दाब चढवायचा नाही, हा त्यांतला सर्वांत काटेकोरपणे पाळला जाणारा नियम आहे.